"माप देऊनही पिशवी लहान शिवली" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार, आणि खाली तक्रारी: योगा मॅटची पिशवी चार दिवस उशिरा मिळाली, पट्टा उसवला, मॅट आत जातच नाही. शेवटी "एकंदरीत घरगुती काम" असा शेरा. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं नंतर निस्तरता येत नाही, म्हणून फोन उपडा ठेवून दिला. आज मशीनवर बसायच्या आधी लिहिते आहे.

आधी पट्टा. ती चूक माझी, आणि तिची मनापासून माफी मागते. पट्ट्याचं टोक मी एक इंचाच्या चौकोनात शिवते आणि आत फुली मारते, म्हणजे सगळी ओढ एका टाक्यावर येत नाही. तुमच्या पिशवीत वरचं टोक नेमकं जीन्सच्या बाजूच्या दुहेरी शिवणीवर आलं. तिथे इतके थर जमले की सोळा नंबरच्या सुईने मधले टाके सोडले. वरून चौकोन पूर्ण दिसत होता. उलटून बघायला हवं होतं, बघितलं नाही. अशी जाड शिवण हातोडीने ठोकून चपटी करायची आणि अठरा नंबरची सुई लावायची, हे मला माहीत नाही असं नाही. त्या दिवशी राहून गेलं. उशिराबद्दलही माफी. त्याची कारणं सांगत बसत नाही, चार दिवस ते चार दिवस.

पण मॅट आत जात नाही, यावर मात्र मला बोलू द्या. "माप देऊनही पिशवी लहान शिवली" हे तुमचं वाक्य वाचून काल एकीने ठरलेली ऑर्डर थांबवली, दुसरीने "माझं माप तरी नीट घेतलंय ना" असं विचारलं. माझं सगळं काम मापावर चालतं. तिथेच शंका आली तर माझ्याकडे कोणी कशाला येईल?

तुम्ही मेसेजवर गुंडाळलेल्या मॅटचा घेर १२ इंच कळवला होता. सोबत फोटो होता. हिरवी मॅट, दोन रबरबँड लावून घट्ट आवळलेली, भोवती टेप. मी जाडी विचारली, तुम्ही ४ मिमी लिहिलंत. ६८ इंच लांबीची ४ मिमीची मॅट घट्ट गुंडाळली की घेर १२ इंचांच्या आसपासच येतो, त्यामुळे मला शंका यायचं काही कारणच नव्हतं. त्या १२ वर मी ३ इंच सैल धरले, कारण आसनं करून दमलेला माणूस मॅट रबरबँड लावून आवळत बसत नाही, जशी येईल तशी गुंडाळतो. म्हणजे तयार पिशवीचा घेर १५. दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून कापड १६ इंच रुंद घेतलं. १५ च्या घेराला पावणेपाच इंच व्यासाचा तळ लागतो, तो मायेसकट पावणेसहाचा कापला. तळ नुसता जोडून भागत नाही. गोल शिवताना चुण्या पडू नयेत म्हणून सरळ कापडाच्या मायेला बारीक कातरे द्यावे लागतात, टाचण्या लावून फिरवावं लागतं. उंची मॅटच्या २४ इंच रुंदीपेक्षा ३ इंच जास्त ठेवली, नाडी ओवायचा नेफा वरच्या कडेला येतो म्हणून. हे आकडे मी आठवून लिहीत नाही, ऑर्डरच्या दिवशीच वहीत लिहिलेले आहेत. शिवायच्या आधी तुम्हाला पाठवलेही होते. तुमच्याकडून अंगठा आला, तो मी होकार समजले.

तुमच्या रिव्ह्यूतल्या फोटोत मॅट जांभळी आहे.

तो फोटो मी मोठा करून बघितला. कोपऱ्यावरचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नाही, आणि त्यावर ६ मिमी असं छापलेलं आहे. ताई, ही ती मॅटच नाही. दोन मिमीने काय होतंय, असं वाटेल. पूर्वी मलाही वाटायचं. पण गुंडाळताना ते दोन मिमी प्रत्येक फेऱ्यात भरत जातात. तेवढ्याच लांबीची ६ मिमीची मॅट कितीही आवळली तरी घेर सव्वाचौदाच्या खाली येत नाही, आणि नुसत्या हाताने गुंडाळली तर १६ च्या पुढे जातो. १५ च्या पिशवीत ती जाईल कशी? "पिशवीत मॅट ढकलण्यातच निम्मा योग झाला" असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून हसू मलाही आलं, पण बऱ्याच वेळाने.

मॅट बदलली हे एका ओळीत कळवलं असतंत तर कापड कापायच्या आधी मी नुसता एक आकडा बदलला असता. निदान रिव्ह्यूत तरी "मॅट नवी आहे" एवढं लिहायला हवं होतं. वाचणाऱ्याला ते कुठून कळणार?

"बहुतेक कापड आटलं असावं" असाही तुमचा अंदाज आहे. कापड तुमचंच होतं, तुमची जुनी जीन्स, गुडघ्यावर विरलेली. इतक्या वर्षांच्या धुण्यात ती आटायची तेवढी केव्हाच आटून झाली आहे. नवं सुती कापड असलं तर मी ते आधी पाण्यातून काढते, वाळवते, इस्त्री करते आणि मगच त्यावर खडू टेकवते. तो एक दिवस उगाच जातो असं लोकांना वाटतं.

मधला आडवा जोड तुम्हाला खटकला. पँटचा पाय खाली निमुळता होत जातो, त्यात १६ इंचांची सलग रुंदी गुडघ्याच्या वरच मिळते, आणि तुमचे गुडघे तर गेलेलेच होते (जीन्सचे म्हणते आहे). म्हणून दोन्ही मांड्यांचे तुकडे एकावर एक जोडले आणि वरून केशरी दोऱ्याने दुहेरी टीप मारली, मूळ जीन्सला असते तशी. मला तर तो जोड पिशवीतली सगळ्यात चांगली जागा वाटली होती. असो, आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

आणि तळाला "भोकं" नाहीत, ती आयलेट आहेत, म्हणजे गोल कडी बसवलेली छिद्रं. तीन, मोजून लावलेली. घामाने ओलसर झालेली मॅट बंद पिशवीत राहिली की कुबट वास धरते, म्हणून हवा खेळायला जागा ठेवली. तरीही मॅट पुसून, वाळवून मग आत घालावी.

"घरगुती काम" याबद्दल काय लिहू? घरीच शिवते. मशीन खिडकीपाशी आहे, कटिंग जमिनीवर बसून करते. कारखान्यातून एकाच मापाच्या शेकडो पिशव्या निघतात, मॅट कोणाची आणि किती जाड हे तिथे कोणी विचारत नाही. माझ्याकडे मॅटवर माप घेऊन शिवतात, म्हणूनच तुम्ही आलात ना? मग मॅट बदलली की पिशवी अडणारच. तुम्ही तो शब्द सहज लिहिला असेल. मला तो पट्ट्यापेक्षा जास्त लागला, एवढंच सांगते.

यापुढे माप घेताना आणखी नीट विचारत जाईन. पट्ट्यांचंही काहीतरी बघते.

तुमच्या पिशवीचं असं करता येईल: पिशवी आणि जांभळी मॅट दोन्ही माझ्याकडे द्या. मॅट द्याच, या वेळी मी फोटोवर माप घेणार नाही. बाजूची शिवण उसवून ३ इंचांची कळी (रुंदी वाढवायला मध्ये जोडायची पट्टी) घालते, म्हणजे घेर १८ होईल आणि ६ मिमीची मॅट सैलसर बसेल. तळ नवा लागेल, तयार पावणेसहाचा, मायेसकट पावणेसातचा. त्याला कापड आहे, तुमच्या जीन्सचा मागचा भाग मी टाकलेला नाही, खिशासकट ठेवला आहे. आयलेट नव्या तळाला पुन्हा बसवेन. पट्टा दोन्ही टोकांना नव्याने शिवून देईन. पट्ट्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच नाही. कळीचेही घेणार नाही, पण ते माझं माप चुकलं म्हणून नव्हे, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते. किती दिवस लागतील ते आत्ता सांगत नाही. पिशवी हातात आली की कळवेन.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. पट्टा खरंच उसवला होता. फक्त मापाचं ते एक वाक्य जमलं तर दुरुस्त करा.

आणि हिरवी मॅट अजून घरात असेल तर ती एकदा या पिशवीत घालून बघा. रबरबँड न लावता, रोज गुंडाळता तशी. कशी बसली ते इथेच खाली लिहा.