पाठीत डेक्सा कशाला?

सिझेरियनच्या स्पायनलमध्ये (पाठीत सुई घालून देतात ती कमरेखालची भूल) बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधासोबत डेक्सामेथासोन, म्हणजे डेक्सा, हे स्टिरॉइड मिसळणारे आमच्यात काही जण आहेत. मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे आणि मला हे पटत नाही.

मोह कळतो. हेवी (पाठीतल्या पाण्यापेक्षा जड) बुपिवाकेनचा अंमल दीड-दोन तासांत उतरू लागतो आणि बाळाला पाजायला कूस बदलायची, नेमके तेव्हाच टाके ठणकतात. डेक्सा स्वस्त, प्रत्येक ट्रॉलीवर हजर. ते मिसळल्यावर बाळंतिणीने दुखण्याचं औषध उशिरा मागितलं, असं सांगणारे छोटे अभ्यासही आहेत.

पण 'कुणालाच काही झालं नाही' यावर माझं समाधान होत नाही. ६० जणींच्या अभ्यासात एकीलाही त्रास झाला नसला, तरी संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा धोका २० त १ इतकासुद्धा असू शकतो! मज्जातंतू ज्या पाण्यात असतात तिथे थेट जाणाऱ्या औषधाला एवढी खात्री पुरते का? शिवाय डेक्साच्या बऱ्याच व्हायल्समध्ये पॅराबेनसारखी प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारी रसायनं) असतात. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्टिरॉइडच्या एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर द्यायच्या) इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता: क्वचितच, पण पक्षाघात, दृष्टी जाणं, मृत्यूसुद्धा. एपिड्युरल वेगळं, स्पायनल वेगळं, आणि डेक्सा दाणेदार (न विरघळलेले कण असलेल्या) स्टिरॉइडांपैकी नाही, हे सगळं मान्य. तरी सुई आणखी आत जात असताना मी जास्त बिनधास्त का व्हावं?

तेच डेक्सा बाळ बाहेर आल्यावर शिरेतून दिलं, तर उलट्या कमी होतात आणि दुखणंही थोडं आवरतं. सिझेरियननंतरच्या वेदनांसाठीच्या 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाच्या शिफारशींतही ते शिरेतूनच आहे. (फक्त हळू द्या. भसकन ढकललं की जागी असलेली बाई खाली आग झाली म्हणून दचकते.)

पाठीतच काही घालायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन, ५० ते १०० मायक्रोग्रॅम. रात्र निभावते. खाज सुटते, मळमळतं, श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, पण हे सगळं आपल्याला माहीत असलेलं आहे. अडतं पुरवठ्यावर. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा २०१४ मध्ये सैल झाला, तरी लहान गावातल्या हॉस्पिटलला मॉर्फिनचं हे अँप्यूल मिळवणं सोपं नाही, आणि मग हात डेक्साकडे जातो.

नसेल मॉर्फिन, तर ज्या बाईला ही औषधं चालतात तिला पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक घड्याळ लावून द्या, तिने मागायची वाट बघू नका. सोनोग्राफी मशीन हाताशी असेल तर टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) द्या. आणि रात्रीचा डोस 'झोपलीये, राहू दे' म्हणून चुकतो, तेवढं सिस्टरांना आधीच सांगून ठेवा.