‘फुटतंयच की’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. कंडोमवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं, ते फुटतंयच, मग भरवसा कसला. लग्न झालेल्याला त्याची गरजच काय, दोन पोरांनंतर बायकोचं ऑपरेशन केलं की विषय संपला. आणि शाहू महाराजांच्या गावात एका बाईनं हे असलं लिहायचं म्हणजे पोरं बिघडवायचे धंदे. शेवटी ‘कंपनीनं किती दिले?’ हेही विचारलंत.

ते शेवटचं आधी निकालात काढते. सरकारी निरोध आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. मी स्वतः मेडिकल चालवते आणि लोकांना फुकटचा पत्ता सांगते. यात माझा फायदा कुठला, ते तुम्हीच शोधा.

आता फुटण्याचं. एक गिऱ्हाईक असंच तणतणत आलं होतं, ‘माल डुप्लिकेट आहे तुमचा’ म्हणून. उरलेलं पाकीट दाखवा म्हटलं तर त्यानं पॅन्टच्या मागच्या खिशातलं पैशाचं पाकीट काढलं. त्यात नोटा, लायसन, आणि चेपून पापड झालेलं ते पुडकं. वरची छपाई घासून गेलेली, एक्सपायरी वाचता येईना. कित्येक महिने त्यावर बसून गाडी चालवलेली, उन्हाळा त्यातच गेलेला. बरं, वापरताना काय लावलं? तर खोबरेल! लॅटेक्सला, म्हणजे कंडोमच्या रबराला, कुठलंही तेल किंवा व्हॅसलीन लागलं की ते थोड्याच वेळात कमकुवत होतं; पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल चालतं. त्यात पुडकं दातानं फाडलेलं. आता यात कंपनीनं तरी काय करायचं?

आकडेही सांगते. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात साधारण ८५ जणींना दिवस जातात. ‘मी सांभाळतो’ म्हणून ऐनवेळी बाजूला होणाऱ्यांत साधारण २०. लोक कंडोम जसा वापरतात तसा, म्हणजे कधी विसरून, कधी अर्ध्यात चढवून, वापरला तर १३. दरवेळी आणि पहिल्यापासून नीट वापरला तर २. तेरा आणि दोन यांमधला फरक वापरणाऱ्याच्या हातात आहे: तारीख बघणं, टोकाला हवा न ठेवता जागा सोडणं, नंतर ताठरपणा जाण्याआधी कड धरून बाहेर येणं. दोन एकावर एक चढवू नयेत, घासून उलट लवकर फाटतात. छपराला एक भोक आहे म्हणून सगळे पत्रे उतरवून कुणी पावसात बसत नाही, काका.

गर्भ राहू नये एवढंच हवं असेल तर तांबी जास्त भरवशाची आहे, हे मीच लिहिलं होतं. पण तांबी असो, गोळी असो की ऑपरेशन, एचआयव्ही, परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस) यांतलं काहीच त्यानं अडत नाही. ते काम कंडोमच करतो. एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागचा विषाणू) आणि नागीणीच्या जातीतल्या हर्पीससारखे, कातडीला कातडी लागून होणारे आजार मात्र तो पूर्ण थांबवत नाही, फक्त धोका कमी करतो. झाकलेल्या भागापलीकडे त्याचं चालत नाही.

लग्न झालेल्याला गरज काय, याचंच मला जास्त वाईट वाटलं. एचआयव्ही लागलेल्या कितीतरी बायकांचा गुन्हा लग्न करणं एवढाच होता. आपल्या शेजारी सांगलीत ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. त्या बायकांनीच एकमेकींपर्यंत निरोध पोचवले आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकल्या. घरातल्या सुनेला नवऱ्यापुढे तेवढं तोंड उघडता येतं का, ते बघा. माझ्या दुकानात काय होतं सांगू? काउंटरवर मला बघून पुरुष क्रोसिन घेतात आणि जातात. माझे मिस्टर बसले की तेच लोक परत येतात. आणि मिस्टर नसले, तर दोन दिवसांनी त्यांच्याच घरातली बाई ‘७२ तासांवाली गोळी’ मागायला येते, ओढणी तोंडावर घेऊन. ती गोळी अडीअडचणीची आहे, महिन्याची सवय लावायची नाही. पण नवरा लाजतो, आणि त्याची भरपाई हिच्या पोटावर!

शाहू महाराजांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. विधवाविवाहाचा कायदा त्यांनी १९१७ मध्ये केला, तेव्हाही लोक बिघडलं-बिघडलं म्हणतच होते. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी ज्यांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं, त्याच बाबासाहेबांनी १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. तेव्हा ‘शाहूंच्या गावात हे नको’ म्हणण्याआधी जरा विचार करा.

पोरं बिघडतात याचं उत्तर लहान आहे. माहिती दिल्यानं पोरं लवकर सुरुवात करत नाहीत; युनेस्कोनं जगभरचे अभ्यास एकत्र बघून २०१८ मध्ये तेच सांगितलं. माहिती नसली तर ती मोबाईलवरनं शिकतात, आणि तिथं काय शिकायला मिळतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

राहिलं ऑपरेशन. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, काही मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. तरी ते करायला कुणी पुढं येत नाही. तुमच्या मुलानं कधी मनावर घेतलंच तर एवढं त्याला नक्की सांगा: ऑपरेशननंतर लगेच मोकळीक नसते. साधारण तीन महिने कंडोम वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट हातात आल्यावरच सोडायचा.