लिटर म्हणजे किलो, मालक!

नऊ माणसांच्या घराचा किराणा भरणाऱ्याला सोलापुरात कोणीही शहाणपण शिकवू शकतं. परवा ते पुण्यकर्म एका पांढऱ्या टोपीनं केलं. दुकानात शेजारी उभं राहून माझी यादी ते मोठ्यानं वाचत होते, जणू ग्रामसभेचा ठरावच.

समोर तेलाचे दोन डबे. एकावर 15 लिटर, दुसऱ्यावर 15 किलो. किलोवाला थोडा महाग, आणि मी तोच मागितला.

"स्वस्तातला घ्या की ओ मालक. लिटर काय, किलो काय, एकच की."

"ते पाण्याचं. लिटरभर तेल 910 ग्रॅमच भरतं."

"का? तेल पातळ नसतंय का?"

"पातळ असतं, पण हलकं असतं. आमटीवर तवंग येतो, तो कसा?"

"तो तिखटामुळं!"

मागच्या मावशींनी मान डोलावली. दुकानदार हसला आणि गप्प बसला. दोन्ही डबे त्याचेच. टोपीनं दयेनं विचारलं, "मास्तर हाय का तुम्ही?"

आता हिशेब ऐका, तिथं कोणी ऐकला नाही. 15 किलो तेल म्हणजे जवळपास साडेसोळा लिटर. समजा लिटरचा डबा 2000 ला आणि किलोचा 2130 ला आहे. पहिला लिटरमागे 133 रुपयांना पडतो, दुसरा 129 ला. 130 वाचवले म्हणणारा खरं तर दीड लिटर तेल दुकानातच सोडून येतो. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा, नऊ जणांना डबा साडेतीन महिने जातो. मधे दिवाळी आली तर माझ्याकडे बघू नका.

पाकिटांचं तर विचारूच नका. रूप तेच, आत कधी 850 ग्रॅम, कधी 750. ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापणं आता सक्तीचं आहे, तो वाचायला मात्र भिंग लागतं.

ज्वारीत तरी सुख असेल म्हणाल, तर ऐका. माणशी दिवसाला दोन भाकऱ्या म्हणजे नऊ जणांचं दीड किलो पीठ, महिन्याला पंचेचाळीस किलो. सुगी झाल्यावर, मार्चच्या सुमारास, वर्षाची पोती भरावीत, कडक ऊन द्यावं, कडुनिंबाचा पाला घालावा. पोत्यावरच्या 'मंगळवेढा' या ज्वारीसाठी प्रसिद्ध गावाच्या नावाला मात्र भुलू नये; दाणे हातावर घेऊन बघावेत. आणि दळण एका वेळी दहा किलोचंच. गिरणीची चक्कर वाचवायला महिन्याचं एकदम टाकलं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापतानाच चिरते, मग गाईचीच चैन. तरी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "सारखं गिरणीला काय जाताय?"

एवढं करून जानेवारी येतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, संक्रांत, आणि पाहुणे. भले लोक असतात. म्हणतात, "आमच्यासाठी काही करू नका हं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालेल."

चालेल! शेंगदाण्याचा भाव विचारलाय कधी? किलोभर भाजून उखळात कुटली, तेल सुटून लाल झाली, की दोन जेवणांत बरणीचा तळ दिसतो. वर जाताना, "थोडी डब्यात द्याल का?"