‘पॅकेजवाल्या’ लेखकाचं उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

‘मॉरिशस : देश, माणसं, कारभार’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना खाली शोधत बसायला नको म्हणून ती आधी इथे जशीच्या तशी देतो:

‘पॅकेज टूर करून आलेल्यांनी देशांवर लेख लिहू नयेत. मॉरिशस म्हणजे छोटा भारत, हे साधं वाक्य लेखात एकदाही नाही, क्रिओल लोकांवर मात्र तीन परिच्छेद. साखरेच्या जमिनी कोणाच्या, चागोसच्या लोकांचं पुढे काय झालं, यावर अवाक्षर नाही. राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात तेही नाही. उरलेलं सगळं शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं.’

एकूण पाच वाक्यं, आणि त्यातलं पहिलं लेखावर नाही, माझ्यावर. मला राग आलेला नाही. टीका होणारच, ती व्हावीच. पण समोरचा माणूस कोण, कुठून आला, त्याने काय पाहिलंय याची चौकशी न करता दारातूनच ‘काय हो, पॅकेज का?’ म्हणायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे परक्याला आधी पाणी विचारतात.

आता विचारलंच नाहीत तर सांगतो. नव्वदच्या दशकात मी त्या देशात नोकरीला होतो. मॉरिशसने 1970 साली निर्यातीसाठी कारखानदारीचा कायदा केला, पुढे कपड्यांचे कारखाने फोफावले आणि आपल्याकडचे कितीतरी टेक्स्टाइलवाले तिकडे गेले. मी त्यातलाच एक. राहायला वाक्वाला, पठारावर. किनाऱ्यावरचं रिसॉर्ट माझ्या पगारात बसत नव्हतं, आताही बसत नाही. फेब्रुवारी 1994 मध्ये ‘हॉलांडा’ चक्रीवादळ आलं तेव्हा मी तिथल्या घरात, खिडक्यांना फळ्या मारून बसलो होतो. तिथे वादळाचा इशारा चार वर्गांत देतात. पहिल्या वर्गाला लोक फक्त आभाळाकडे बघतात, दुसऱ्याला दुकानांत पावासाठी आणि मेणबत्त्यांसाठी रांग लागते, तिसऱ्याला रस्ते मोकळे होतात. चौथा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत नोंदले गेले, आता दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. घरमालकीणबाईंनी बाथटब आणि झाडून सगळी पातेली पाण्याने भरून ठेवली होती आणि मला बजावलं होतं की मध्येच वारा पडला तर फसून बाहेर जाऊ नकोस, तो डोळा असतो, वारा उलट्या दिशेने परत येतो. 1960 चं ‘कॅरोल’ त्यांनी लहानपणी पाहिलेलं. त्या वादळाने बेटावरची लाकडी-पत्र्याची घरं झोपवली आणि त्यानंतरच तिथे सिमेंटच्या सपाट छपरांची घरं सर्रास उभी राहिली. लेखात मी हवामानावर सविस्तर लिहिलं ते यासाठी. तुम्हाला ते भूगोलाच्या पुस्तकातलं वाटलं. असेल बुवा, तुमच्या शाळेचं पुस्तक चांगलं असणार.

एक मुद्दा तुमचा मान्य. राष्ट्राध्यक्षाची निवड लेखात यायला हवी होती. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला तरी ब्रिटनची राणीच राष्ट्रप्रमुख राहिली. बरोबर 24 वर्षांनी, 12 मार्च 1992 ला, प्रजासत्ताक झालं. राष्ट्राध्यक्षाला राष्ट्रीय सभा निवडते, जनता नाही, आणि खरा कारभार पंतप्रधानाच्या हातात. लेखात ही ओळ आता घातली आहे. चांगली सूचना चांगली म्हणायला मला कधीच जड जात नाही.

आता ‘छोटा भारत’. यावर मात्र मी गप्प बसणार नाही, कारण हे वाक्य मी लेखात विसरलो नव्हतो, जाणूनबुजून घातलं नव्हतं. तुम्ही ‘साधं वाक्य’ म्हणता. ते अजिबात साधं नाही.

2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत जवळजवळ साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर आली, हे मला माहीत आहे. हे मजूर पोर्ट लुईत जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या मी पाहिल्यात. आज त्या जागतिक वारशात आहेत, तेव्हा त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नसे. देशातली बहुसंख्य माणसं भारतीय वंशाची, हे लेखात पहिल्याच भागात आहे. तुम्ही तो भाग वाचलात की थेट खाली प्रतिक्रियेच्या चौकटीत उडी मारलीत, देव जाणे. पण वंश भारतीय असणं वेगळं आणि देश भारत असणं वेगळं. त्या बेटावर मजूर यायच्या आधी शंभरेक वर्षं फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम ऊस तोडत होते. 1835 साली गुलामी संपली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांच्या हातावर काहीच पडलं नाही. त्यांचे वंशज, ज्यांना आपण क्रिओल म्हणतो, आजही लोकसंख्येच्या पाव हिस्सा तरी आहेत. नेमका आकडा कोणी देऊ शकत नाही, कारण 1972 नंतर जनगणनेत समाज विचारतच नाहीत. त्यांना ‘छोट्या भारतात’ कुठे बसवायचं? पाहुणे म्हणून?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या कारखान्यात शिलाईच्या लाइनवर एक क्रिओल सुपरवायझर होती. मुंबईहून आलेले आमचे एक साहेब जेवताना मोठ्या प्रेमाने म्हणाले, ‘तुमचा देश म्हणजे आमचा छोटा भारतच की!’ टेबलावरचे सगळे हसले. तिने दॉलपुरीचा तुकडा मोडला, त्यावर मिरचीचा ठेचा घेतला, आणि शांतपणे विचारलं, ‘मग मिस्ये (म्हणजे साहेब), मी भाडेकरू का?’ साहेबांना क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचमधून निघालेली बोली, कळत नव्हती. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, पुरी चांगली झालीय म्हणते. त्याच टेबलावर बसलो असतो तर तुम्हीही ते वाक्य लेखात मागितलं नसतं, अशी आपली माझी समजूत.

आणि ही नुसती भावनेची गोष्ट असती तर मी एवढं ताणलं नसतं. 1967 ची निवडणूक स्वातंत्र्य हवं की नको यावर झाली, त्यात 44 टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली. का? तर इंग्रज गेला की हिंदू बहुसंख्याकांचं राज्य येईल, ही धास्ती. कितीतरी क्रिओल कुटुंबं त्या काळात ऑस्ट्रेलियाला निघून गेली. फेब्रुवारी 1999 मध्ये ‘काया’ हा क्रिओल गायक पोलिस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. आमचा कारखाना बंद होता, रस्त्यावर टायर जळत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की ज्या देशाला आपण गुण्यागोविंदाचा नमुना म्हणतो त्याच्या पोटात काय काय आहे. तीन परिच्छेद यावर जास्त झाले, असा तुमचा सूर. माझ्या मते कमी पडले.

बरं, क्रिओल बाजूला ठेवा. भारतीय वंशाच्या लोकांना तरी हे वाक्य बसतं का? संविधानात चार समाज आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि यांपैकी कशातच न बसणारे ते ‘सर्वसाधारण’. कागदावर मराठी माणूस हिंदूंत मोडतो. पण तिथे रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हटलं की भोजपुरी-हिंदीवाले. तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मराठी वेगळे. सुट्ट्याच बघा: तमिळांचा काव्हडी, तेलुगूंचा उगादी, मराठ्यांची गणेश चतुर्थी, सगळ्या सार्वजनिक सुट्ट्या, आणि एकही कमी केली तर मंत्रिमंडळ हलेल. 1998 साली नव्या नोटा छापल्या तेव्हा हिंदीतला मजकूर तमिळच्या वर गेला. आधी तमिळ वर असे. तमिळ समाज असा उसळला की त्या नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या. नोटेवरच्या दोन ओळींच्या क्रमावरून! असा देश एका शब्दात कोंबायची घाई मला नाही.

मराठी माणसाला कमी जागा दिली असं तुम्ही उघड म्हटलं नाहीत, पण रोख तोच दिसतो. माझे शेजारी मराठीच होते. त्यांचे पूर्वज कोकणातले, गावाचं नाव कोणाला आठवत नव्हतं. पणजोबांचं पहिलं नाव कारकुनाने लिहून घेतलं तेच घराचं आडनाव झालेलं. गणपतीत त्यांच्याकडे आरतीचं पुस्तक निघायचं, मजकूर मराठी पण अक्षरं रोमन. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ एका सुरात, एक अक्षर न चुकता, आणि आरतीचं ताट खाली ठेवल्याबरोबर पोरं क्रिओलमध्ये भांडायला लागायची. काकू मला प्रसाद देताना मराठीत ‘घे बाळा’ म्हणायच्या आणि पुढचं सगळं क्रिओल. 2011 च्या जनगणनेत 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी घरातली भाषा क्रिओल सांगितली. त्यात या काकूही आल्या. त्यांना मी एकदा म्हटलं, तुम्ही तर आमच्याच. त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही भारतातले, आम्ही इथले. सांगा, आता तुमचं साधं वाक्य मी काकूंना कसं ऐकवू?

(निवडणुकीवरचा भाग किचकट वाटला असं दुसऱ्या एका वाचकानेही लिहिलंय, पण सभ्य शब्दांत. त्यांच्यासाठी थोडक्यात: 20 मतदारसंघांतून तीन-तीन आणि मॉरिशसच्याच दूरच्या रॉद्रिग बेटातून दोन, असे 62 जण निवडून येतात. मग समाजांचा तोल साधायला हरलेल्यांतून आठांपर्यंत जागा भरायची सोय, त्यासाठी उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने या सक्तीवर ताशेरे ओढले. शिवाय एकाच आघाडीने मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा जिंकायचे प्रकारही तिथे होतात, 1982, 1995 आणि 2024 मध्ये झाले.)

राहिले तुमचे जमीन आणि चागोस. मोठे उसाचे मळे आजही मोजक्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांच्या कंपन्यांकडे आहेत, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी ओळख करून देणारा लेख लिहिला होता, सातबारा काढून द्यायला बसलो नव्हतो. चागोस हा बेटांचा समूह 1965 साली ब्रिटनने मॉरिशसपासून तोडून घेतला, 1968 ते 1973 दरम्यान तिथली माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर आणून सोडली, 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनला ताबा सोडायला सांगितलं, मे 2025 मध्ये ती बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सह्या झाल्या. हा स्वतंत्र विषय आहे, कधी तरी लिहीन. प्रत्येक लेखात सगळं येत नाही. तुमच्या पाच वाक्यांतही सगळं कुठे आलंय?

आणि ‘शाळेच्या पुस्तकातलं’? जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातून हजारेक टन तेल खाजणात आलं, आणि सरकार हलायच्या आत लोकांनी उसाचं पाचट कापडात शिवून तेल अडवायला लांबच्या लांब गुंडाळ्या केल्या. कापड, पाचट, सुई-दोरा. आमच्या जुन्या कारखान्यातल्या शिलाईवाल्या बायकाही त्यात होत्या, एकीने फोटो पाठवला होता, तो लेखात लावला आहे. कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात हे पाहिलंत तेवढं कळवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख रॉद्रिगवर आहे. मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटर दूर, जवळजवळ सगळी वस्ती क्रिओल आणि कॅथलिक, 2002 पासून स्वतःची प्रादेशिक सभा. त्यातही ‘छोटा भारत’ सापडणार नाही, आधीच सांगून ठेवतो. वाचायचा तर पूर्ण वाचा. आणि ‘पॅकेज’ हा शब्द मागे घ्यायचा असेल तर खाली चौकट रिकामी आहे.