टाळ्या कशासाठी होत्या

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की धाकट्या भावाला घेऊन आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) ओपन मीटिंगला, म्हणजे घरच्यांनाही बसता येतं अशा बैठकीला, आलात, तर दीड तासात कुणी त्याला 'दारू सोड' म्हणालं नाही. उलट महिनाभर न पिता राहून पुन्हा प्यायलेल्या एकाला टाळ्या पडल्या. 'हे लाड आहेत, उपचार नव्हेत.'

उपचार नव्हेत, हे मान्य. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तिथं डॉक्टरच पाहिजे. एकदा मी मीटिंग चालवत होतो. समोरच्याचा कप इतका हलत होता की अर्धा चहा बशीत. 'पहिले दिवस असेच जातात' म्हणून मी धीर दिला. त्याच रात्री त्याला फिट आली. वाचला, पण चूक माझी होती. आता हात कापताना दिसले की आधी रिक्षा, मग मीटिंग.

सल्ल्याचं मात्र पटलं नाही. तुमच्या भावाला आईनं, वहिनीनं, तालमीतल्या वस्तादांनी सांगून झालंच असेल. अंबाबाईची शपथ मी स्वतः चारदा घेतलीय, आणि चारही वेळा मनापासून. म्हणून आमच्यात बोलणारा 'मी'नं सुरू करतो, 'तू'नं नाही, आणि त्याच्या बोलण्यावर कुणी शेरा मारत नाही. ही पद्धत एएची. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, नुकतीच दारू सुटलेल्या एका शेअर दलालाला पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं. त्यानं दुसरा दारुडा शोधला. तो निघाला सर्जन. याआधी दलालानं बऱ्याच जणांना उपदेश केला होता, पण एकही टिकला नव्हता. सर्जनला त्यानं फक्त स्वतःची कहाणी सांगितली. आणि गंमत बघा, तो सर्जनही त्यानंतर एकदा प्यायलाच. शेवटचा प्याला 10 जूनला. एए तीच तारीख आपला जन्मदिवस मानते.

तुम्ही पाहिलेला माणूस त्या दिवशी जिन्याखाली वीस मिनिटं उभा होता. वर आल्यावर चप्पल काढली, परत घातली, परत काढली. टाळ्या तो आत आला म्हणून होत्या, प्यायला म्हणून नव्हे. स्लिप झाल्यावर, म्हणजे सोडलेली पुन्हा प्यायल्यावर, माणूस तोंड लपवतो आणि तिथूनच पुढची बाटली उघडते.

तुम्हाला यातलं कुणीच समजावलं नाही, मागच्या खुर्चीवर तसंच बसवून ठेवलं, हा दोष आमचाच. घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो, तेही त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

गटारी जवळ आलीय. त्या संध्याकाळी आम्ही हॉल लवकर उघडतो. भावाला गाडीवरून आणून सोडा, वाटेत काही बोलू नका. तुम्ही मात्र खाली चहाच्या गाड्यावर थांबा, ती मीटिंग क्लोज्ड आहे, फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी.