परवाना खिशात असला म्हणून बंदूक गाडीत घालून कुठेही नेता येत नाही

रानडुकरं भातात, मक्यात घुसायला लागली की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: बंदुकीचा परवाना असला की ती गाडीतून देशभर नेता येते. रिकामी करून, सुटी करून डिकीत ठेवली तर ते बाळगणं होत नाही. घरातल्या एकाचा परवाना सगळ्यांना चालतो. वॉरंटशिवाय पोलिसांना गाडी तपासता येत नाही. आणि जंगलातला डांबरी रस्ता सार्वजनिक आहे, तेव्हा जनावर मारेपर्यंत वनखातं काही करू शकत नाही. शेवटी अर्थातच, 'सर्व शेतकऱ्यांना पाठवा'.

हे शेतकऱ्यांनाच पाठवलं जातं, याचा मला राग येतो. ज्याचं उभं पीक एका रात्रीत आडवं झालंय, तो यावर विश्वास ठेवणारच. पीक तर गेलेलंच असतं, वर बंदूक आणि जीपही जप्त होते आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

आधी देशभर नेण्याचं. परवान्यावर एक रकाना असतो: परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे त्याचा. तिथे जिल्हा लिहिलेला असेल तर जिल्हा, राज्य असेल तर राज्य. दुसरा रकाना कारणाचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. त्या कारणासाठी मिळालेली बंदूक घेऊन पाहुण्यांच्या गावी जाणं त्या कारणात बसत नाही. जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार इथे खास मंजुरीशिवाय बंदूक न्यायची नाही, हेही परवान्याच्या अटींमध्येच असतं. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ वाटेल, पण कलम १७ खाली परवानाच रद्द होऊ शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चे, शस्त्र बाळगायला मनाई करणारे आदेश सणासुदीला, निवडणुकीला निघतात. त्यात परवानाधारकांना सूट आहे की नाही, हे तो आदेश वाचूनच कळतं.

रिकामी आणि सुटी करून नेण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. सार्वजनिक ठिकाणी लांब नळीची बंदूक नेताना ती तिच्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असावी, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. बंदूक रिकामी असावी हे तर साध्या शहाणपणाचं. पण ती झाली नेण्याची रीत, तेवढ्याने कायद्यातून सुटका होत नाही. 'शस्त्र' या शब्दाच्या शस्त्र अधिनियमातल्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ४५ मधली सूट किरकोळ भागांपुरती आहे, तीही ते उरलेल्या भागांसोबत वापरायचे नसतील तरच. नळी डिकीत आणि दस्ता सीटखाली ठेवला, तर दोन्ही जोडून वापरायचेच आहेत हे उघड आहे. 'हातात नव्हती, डिकीत होती' हा बचावही फारसा टिकत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वस्तू अंगावरच असली पाहिजे असं नाही. ती आहे याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण असलं की ताबा होतो.

घरच्यांचं थोडक्यात. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते, पण फक्त दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. धाकट्या भावाने रात्री एकट्याने बंदूक जीपमध्ये टाकून राखणीला जाणं यात बसत नाही. तो विनापरवाना ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आहे.

वॉरंटचा दावा तर सरळ खोटा आहे. कलम २३ खाली कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून तपासू शकतो आणि शस्त्रासोबत वाहनही जप्त करू शकतो. कलम १९ खाली परवाना दाखवायला सांगू शकतो. कलम २० त्याहून कडक आहे: बंदूक बेकायदा कामासाठी नेली जातेय असा वाजवी संशय येण्यासारखी परिस्थिती असेल, तर परवाना असो वा नसो, वॉरंटशिवाय अटक करता येते. मध्यरात्री, जंगलाच्या कडेला, भरलेली बंदूक आणि डोक्याला बॅटरी बांधलेली माणसं. संशयाला आणखी काय लागतं?

सगळ्यात घातक आहे तो जंगलातल्या रस्त्याचा दावा. राधानगरी अभयारण्यातून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता घ्या, किंवा मेळघाटातला परतवाडा-सेमाडोह-धारणी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ सार्वजनिक मार्गाने अभयारण्यातून जाणाऱ्याला परवानगीविना जाऊ देतं, हे खरं. मेसेज तिथेच थांबतो. कलम ३१ म्हणतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करायचा नाही. सार्वजनिक मार्गाची सूट या कलमात नाही, आणि शस्त्र अधिनियमाचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. इथली 'शस्त्र' शब्दाची व्याख्याही रुंद आहे: काडतुसं, धनुष्यबाण, जाळी, फासे आणि जनावराला इजा करू शकणारं कोणतंही साधन. त्यामुळे एअरगनही त्यात येते.

जनावर मरेपर्यंत गुन्हा नाही, हेही चूक. 'शिकार' या व्याख्येत शिकारीचा प्रयत्न आणि त्यासाठी जनावर हाकणंसुद्धा आहे. कलम ५० खाली वनाधिकारी वाहन थांबवून झडती घेऊ शकतात. जप्त झालेली गाडी लगेच सरकारजमा होत नाही. दंडाधिकारी ती अंतरिम सोडू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मधुकर राव प्रकरणात म्हटलंय. पण त्यासाठी वकील आणि हेलपाटे आले. दोष सिद्ध झाला तर कलम ५१ खाली न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे नाव नोंदवणंही कलम ३४ प्रमाणे बंधनकारक आहे. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

डुकरांचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या प्राण्यांसाठी कलम ११ मध्ये लेखी आदेशाची तरतूद आहे. वनखात्याच्या कार्यालयात अर्ज करा, नुकसानीचा पंचनामा करून घ्या. आदेश मिळाला तर त्यात प्राणी कोणता, क्षेत्र कोणतं आणि मारणार कोण हे नीट वाचा. बंदूक शेतावर नेताना त्याची प्रत मूळ परवान्यासोबत गाडीत असू द्या, आणि जायच्या वाटेत अभयारण्याची हद्द लागत असेल तर कलम ३१ ची परवानगी वेगळी मागा.