गाडी मधेच झोपते म्हणून टर्बो बदलू नका

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत निदान दहा जणांनी पाठवला, आणि त्यातले तिघे तो वाचून टर्बो उतरवायलाच निघाले होते. मेसेज थोडक्यात असा: 'पंधरा-वीस वर्षं जुनी टर्बो पेट्रोल गाडी अधूनमधून पिकअप सोडत असेल तर टर्बो गेला. स्कॅनरला काही दिसलं नाही तर सेन्सर आणि वायरिंगवर वेळ घालवू नका. हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतं. टर्बोला पैसे नसतील तर वेस्टगेटचा रॉड दोन आटे घट्ट करा, ओढ परत येते. आणि पाइपात तेल दिसलं की सील गेलेच समजा.'

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये अठरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतोय. ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये आपल्याकडे आली, १.८ लिटरची, दर सिलिंडरला ५ व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. तेव्हा कॉलेजात असलेली, रस्त्यात ती दिसली की मान वळवून बघणारी पोरं आज चाळिशीत तशाच गाड्या सेकंडहँड घेऊन जिवापाड जपताहेत. अशा माणसाचे लाख-सव्वा लाख एका मेसेजपायी जाताना बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो. त्याआधी एवढं लक्षात ठेवा: टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट, आणि दाब फार वाढू नये म्हणून धूर बाजूला सोडणारी झडप म्हणजे वेस्टगेट.

'अधूनमधून पिकअप जातो, म्हणजे टर्बो गेला.'

या वाक्यातला 'अधूनमधून' हाच शब्द टर्बो निर्दोष असल्याची साक्ष देतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या वेगाला बेअरिंग झिजलं किंवा पंख्याचं पातं बाहेरच्या घराला, म्हणजे कवचाला घासलं, तर ते रोज बिघडतच जातं. मंगळवारी गेलेला टर्बो बुधवारी सकाळी बरा होत नाही. तुमची गाडी चढावर झोपत असेल आणि बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा वाऱ्यासारखी पळत असेल, तर चावीने लोखंड दुरुस्त झालेलं नाही. ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, काहीतरी बघून इंजिनाला वेसण घातली होती, ती चावीने सुटली. याला लिंप मोड म्हणतात.

वर्गमित्राची गाडी, २००६ ची टर्बो पेट्रोल. घोडबंदर रोडने गायमुखचा चढ लागला, तिसऱ्या गिअरला इंजिन ३,००० फेऱ्यांच्या वर गेलं की कुणीतरी मागून दोरी ओढल्यासारखी गाडी बसायची. सकाळी थंडीत कधीच नाही, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापून निघाली की हमखास. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे टर्बोच सांगितला. एकाने सव्वा लाखाचं एस्टिमेटही हातात दिलं.

मी त्याला एवढंच म्हटलं, आठ दिवस कोणी बॅटरीची वायर काढायची नाही आणि ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा नाही. आठव्या दिवशी कोड वाचला तर निघालं १७९६५, म्हणजे बूस्टचा दाब ठरवल्यापेक्षा जास्त. नीट वाचा, जास्त! टर्बो दमला म्हणून गाडी झोपत नव्हती. टर्बो गरजेपेक्षा जास्त हवा भरत होता आणि ईसीएम घाबरून थ्रॉटल आवळत होता. मग बूस्ट कंट्रोल व्हॉल्व्हकडून ॲक्च्युएटरला, म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलून वेस्टगेट उघडणाऱ्या डबीला, जाणारी रबरी नळी बघितली. वरून अगदी ठणठणीत. काढून हातात घेतली आणि वाकवली, तेव्हा पोटाच्या बाजूला नखाएवढी चीर ओठासारखी उघडली. आतला दोरा दिसत होता. थंड असताना रबर आखडून ती मिटायची, तापून मऊ झालं की दाबाने उघडायची. हवा तिथून निसटली की वेस्टगेटला उघडण्याचा निरोपच पोचत नव्हता. मीटरभर नळी आणि चार क्लिप, एवढ्यात काम झालं. टर्बो अजून तोच आहे.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत वेस्टगेटची पिन गंजून अडकू शकते, आणि ती कधी हलते, कधी नाही. हातपंपाने ॲक्च्युएटरला हवा द्या आणि रॉड गुळगुळीत सरकतो का बघा, दहा मिनिटांचं काम आहे. अडकली असेल तरी आधी ती सोडवून बघतात, टर्बो नंतर.

'स्कॅनरला काही दिसलं नाही तर सेन्सर आणि वायरिंग ठीक आहे.'

मेसेजमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हे. स्कॅनर म्हणजे एक्स-रे नव्हे. ईसीएमला जे अशक्य वाटतं तेवढंच तो लिहून ठेवतो. हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर मळला की तो शून्य दाखवत नाही, थोडं कमी दाखवतो. कमी हवा म्हणजे कमी पेट्रोल आणि कमी ओढ, आणि कोडच्या खान्यात सगळं ठीक! म्हणून कोड नुसता वाचून थांबू नका, गाडी चालवताना आकडे बघा. साधा हिशोब असा की १५० अश्वशक्तीच्या इंजिनाने पूर्ण ओढीला सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास हवा घ्यायला हवी. तिथे नव्वदीतच आकडा थांबत असेल तर एकतर सेन्सर खोटं बोलतोय किंवा हवा खरंच अडतेय. सेन्सरचं कपलर (वायरचा जोड) काढून ट्रायल मारा. कपलर काढल्यावर गाडी उलट बरी ओढली तर सेन्सर पकडला गेला.

ट्रायल एकट्याने मारू नका. पहाटे, रस्ता मोकळा असताना, शेजारी लॅपटॉप धरणारा माणूस बसवून. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला साठच्या आतसुद्धा इंजिनावर पुरेसा भार येतो, त्यासाठी पामबीच रोडवर शर्यत लावायची गरज नाही. ठरवलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट हे दोन आकडे शेजारी ठेवा. प्रत्यक्ष कमी पडत असेल तर हवा कुठेतरी गळतेय, ठरवलेलाच खाली उतरत असेल तर ईसीएमनेच हात आखडलाय. मग त्याने तो का आखडला, ते शोधायचं.

यंत्र लावायच्या आधी स्वतःच्या पाठीला विचारा. गाडी कशी झोपते याचे तीन प्रकार आहेत आणि मी गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच विचारतो. झटके देत, खोकल्यासारखी अडखळते का? ते मिसिंग. कॉइल, प्लग किंवा त्यांचे कपलर बघा. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आयडलला शहाणी वाटणारी कॉइल बूस्टवर मार खाते, आणि तापल्यावर जास्तच. एकदम सपाट होते, झटका नाही, फक्त जीव नाही? तो लिंप मोड. श्वास कोंडल्यासारखी लटकते आणि मग अचानक धाव घेते? तिथे पेट्रोल कमी पडतंय, पंप आणि फिल्टर बघा. हे वर्णन मालकाने नीट सांगितलं तर माझं अर्धं काम होतं. इंजिन गार की गरम, पाऊस होता का, टाकी किती भरलेली होती, एसी चालू होता का, सगळं वहीत लिहून आणा.

वायरिंगचं मी जास्त बोलतो असं लोक म्हणतात. पण आपण खाडीकाठी राहतो. कोपरी, ऐरोली, वाशी, सगळीकडे हवेत मीठ आणि चार महिने ओल. कपलर उघडलं की पितळी पिनेवर हिरवी बुरशी दिसते, पाठीमागे वायर बोटाने ओढली की आवरणाच्या आत तांबं काळं पडून भुगा झालेलं असतं. मीटरवर अशी वायर चालू दाखवते, कारण मीटर तिच्याकडून जवळपास काहीच करंट मागत नाही. भार असतानाच मोजायचं. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर अर्थिंगची पट्टी उतरवून घासा किंवा बदला.

जगभरच्या टर्बो शौकिनांना ठाऊक असलेलं उदाहरण पोर्शे ९४४ टर्बोचं आहे. १९८५ ते १९९१ या काळातली गाडी, अडीच लिटरची, चारच सिलिंडर. तिच्यात ईसीएम आणि पेट्रोल पंप दोघांना करंट देणारा एक छोटा रिले असतो. वर्षानुवर्षं तापून-थंडावून त्याच्या आतल्या सोल्डरला केसासारखी भेग जाते. गरम झाली की गाडी मरते, थंड झाली की काही घडलंच नाही अशी चालू होते. टर्बोचा काडीचा संबंध नाही. म्हणून तिचे मालक गाडीत एक रिले जादा बाळगतात.

'हे सगळं इथेनॉलमुळे.'

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, ॲव्हरेज घटतं. जुन्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर बदला, नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घाला, हे मी स्वतः सांगतो. पण टाकीतलं पेट्रोल दिवसभर तेच असतं. सकाळी मस्त आणि संध्याकाळी कासारवडवलीला मेलेली, हा फरक पेट्रोलने पडत नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून कुठे फायदा होतो? मे महिन्याच्या उन्हात, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापून आत गरम हवा जात असताना. तेव्हा नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, नॉक सेन्सरमधून ऐकून ईसीएम ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी जड वाटते. ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्यांत इंटरकूलर पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे दडलेला असतो, त्याच्या जाळीतला चिखल आणि पानं काढा, पुष्कळांना तेवढ्यानेच फरक पडलाय.

'वेस्टगेटचा रॉड दोन आटे घट्ट करा.'

कृपा करून हे करू नका. रॉड घट्ट केला की वेस्टगेट उशिरा उघडतो आणि बूस्ट सगळीकडेच वाढतो. ज्याची गाडी आधीच जास्त बूस्टमुळे झोपत होती, तिचा आजार दुप्पट. आणि पेट्रोल कमी पडत असलेल्या गाडीत हे केलं तर मिश्रण पातळ असतानाच दाब वाढतो, नॉकिंग होतं, पिस्टनची कड वितळते. लिंप मोड इंजिन वाचवत होता, तो चुकवून आपणच इंजिन जाळायचं! माझ्या शेजारच्या शेडमध्ये असा एक पिस्टन शेल्फवर ठेवलाय, कडेला दाताने चावल्यासारखा. त्या मालकाने गाडी भंगारात दिली. मला अजून वाईट वाटतं.

'पाइपात तेल म्हणजे सील गेले.'

इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचा धूसर थर येतोच. बोट फिरवून बोट ओलं झालं, एवढ्याने टर्बो मरत नाही. पाइप खाली केल्यावर तेल ओघळलं, सायलेन्सरमधून निळा धूर आला, गॅस देताना सायरनसारखा आवाज वाढत गेला, शाफ्ट हाताने हलवल्यावर पंखा घराला टेकला, तर टर्बो खरंच गेलाय. तेव्हा तो उतरवा, मी अडवणार नाही. पण उतरवताना त्याला तेल पुरवणारी बारीक लोखंडी नळीही नवी घाला. जुनीच्या आत तेल जळून कार्बन बसलेला असतो. मेसेज वाचून टर्बो बदललेले जे लोक महिनाभरात पुन्हा आले, त्यातल्या दोघांची ती नळी मी कापून बघितली. आतून सुईसुद्धा जात नव्हती.